बिनमुद्रेचा अभंग : पुण्याच्या चित्रपट संग्रहालयास खुले पत्र

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे.



हे पत्र कळमनुरीहून लिहितो आहे. हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. मी इथल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. सिनेमाचा अभ्यासक नाही, कुठल्या संस्थेचा पदाधिकारी नाही. साध्या अर्जानं काम भागलं असतं, पण साध्या अर्जाचं पुढं काय होतं ते तुम्हांलाही ठाऊक आहे. म्हणून चारचौघांदेखत लिहितो.

आधी मागणी सांगून टाकतो. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट घेऊन एकदा कळमनुरीला या. मोठा पडदा लावा, आवाज नीट ठेवा आणि सुरुवातीची नामावली न कापता दाखवा. येताना ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि ते चालवणारा माणूसही आणा. तुमच्याकडे दाखवण्याजोगं आहे, तसं आमच्याकडे ऐकवण्याजोगं आहे.

आता कारण. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात रात्रीचं कीर्तन आटोपलं की जागराला भजनी मंडळी बसतात. अशाच एका जागरात आमच्यातल्या एका तरुण गायकानं ‘आधी बीज एकले’ धरलं. पट्टी काळी दोन. मी पेटीवर चाल घेतली, पखवाजानं ठेका धरला, टाळकऱ्यांना तर ते तोंडपाठच. ध्रुपद फिरून आलं आणि विणेकरी बुवांनी हात वर केला. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही, म्हणून एकाच हातानं थांबवलं.

“तुकोबाची सही कुठाय रं ह्यात?”

पोरगा गडबडला. म्हणाला, “बुवा, तुकारामाचंच हाय की. पिच्चरमधी तुकारामच म्हणतो.”

“पिच्चरमधला तुकाराम सांजच्याला मोटारीनं घरी जातो,” बुवा म्हणाले आणि वीणा सावरून दुसरा अभंग सुरू करायला लावला.

बुवांचं बरोबर होतं. वारकरी भजनात शेवटच्या चरणात मुद्रा लागते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’; त्यावरून अभंग कुणाचा ते कळतं आणि तो म्हणायचा की नाही ते ठरतं. ह्या गाण्यात मुद्राच नाही. गाथा कितीही चाळा, त्यात ते सापडत नाही. सापडणार कसं? ते पुण्यात १९३६ साली प्रभातच्या चित्रासाठी लिहिलं गेलं. कवी शांताराम आठवले, तेव्हा पंचविशीतले. चाल केशवराव भोळ्यांची. बी, रोप, झाड, फुलं-फळं असं वाढत वाढत शेवटी एकत्वावर येणारं हे गाणं आठवल्यांनी इतकं बेमालूम लिहिलं, की लोकांनी सरळ तुकोबांच्या खात्यावर जमा केलं. मुद्रा नसताना!

आणि गंमत बघा. ज्या चित्रात हे गाणं आहे त्याची सुरुवातच अभंगचोरीनं होते. पडद्यावर तुकोबा विठ्ठलापुढं बसलेत, बराच वेळ हलतही नाहीत, साध्या सुरात अभंग गाताहेत. लगेच पुढं तोच अभंग चित्रातल्या खलनायकाच्या, सालोमालोच्या तोंडी येतो, देवळातल्या गर्दीपुढं, हातवारे करत, सूर खेळवत, आपलाच म्हणून. सालोमालोवर गाथेतही अभंग आहेत. पटकथाकारांनी तो हवेतून काढलेला नाही. म्हणजे पडद्यावर तुकोबांचं गाणं दुसऱ्यानं लाटलं, आणि पडद्याबाहेर दुसऱ्याचं गाणं तुकोबांना मिळालं. पहिलं पाप म्हणून दाखवलं. दुसऱ्याला काय म्हणायचं, ह्याचा विचार मी पेटीवर बसल्या बसल्या पुष्कळदा केला आहे.

ते एकाच अभंगाचं दोनदा गाणं मला चित्रातलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. एकही वाक्य न बोलता दोन माणसं उभी राहतात. शब्द तेच, फरक फक्त गाण्यात. केशवराव भोळे मूळ अमरावतीचे, म्हणजे आमच्या पैनगंगेपलीकडचे वऱ्हाडी. संगीतावर टीका लिहिणारा हा माणूस. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ ह्या नावांनी लिहायचे. त्यांनी सालोमालोला जे गाणं दिलं ते मुळात टीकालेखच आहे. कसं गाऊ नये, ते गाऊन दाखवलं आहे.

ह्याची किंमत कळायला आधीची चार-पाच वर्षं बघावी लागतात. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आपल्याकडे सिनेमा बोलू लागला. त्याची आज एकही प्रत नाही. पुढच्याच फेब्रुवारीत तेव्हा कोल्हापुरात असलेल्या प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ आणला, मराठीतला पहिला बोलपट. त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचंच. दुर्गाबाई खोटे तारामती. सुरेल काम आहे, पण नाटकमंडळी घर बदलून आल्यासारखी गातात. पात्र बोलता बोलता थांबतं, गाणं म्हणतं, मग गोष्ट पुन्हा चालू लागते. तेव्हा ते साहजिकच होतं. मराठी माणूस पदं ऐकायला नाटकाला जात होता, तो पदं ऐकायलाच बोलपटाला गेला.

१९३५ साली प्रभातनं ‘धर्मात्मा’ काढला. पैठणचे एकनाथ महाराज, आणि त्यांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. नाथ म्हणजे आमच्या मराठवाड्याचे. तरीही आमच्याकडच्या भजनात त्या चित्रातलं काही शिरलेलं मी ऐकलं नाही. माझ्या मते कारण सोपं आहे. लोक नाथांना बघायला गेले आणि त्यांना बालगंधर्व दिसले. एवढा मोठा गळा कुठल्याच वेषात लपत नाही.

‘संत तुकाराम’मध्ये उलटं झालं. विष्णुपंत पागनीस संगीत नाटकांत स्त्री-भूमिका केलेले नट. असा माणूस देहूचा वाणी म्हणून उभा करायचा ह्यावर प्रभातमध्येही कुरबूर झाली, म्हणतात. पण ते भजन गाणारे होते. पार्श्वगायनाची पद्धत नुकती कुठं कलकत्त्याकडे सुरू झाली होती. इथं तुकाराम म्हणजे जो दिसतो तोच गातो. पुढं लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडत. घरोघरच्या तसबिरींतल्या तुकोबांच्या चेहऱ्यात पागनीसांची छटा आहे, असंही जाणकार सांगतात.

दिग्दर्शक दोघे : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दामले प्रभातचा ध्वनिविभाग सांभाळायचे, फत्तेलाल कलाविभाग. म्हणजे एकाचा कान आणि एकाचा डोळा. फत्तेलालना सगळे ‘साहेबमामा’ म्हणत. कागलकडच्या ह्या मुसलमान कारागिरानं देहूचं घर, देऊळ, विठोबा असं काही उभं केलं की ते नेपथ्य आहे हे विसरायला होतं. आमचं कळमनुरी हिंदू-मुसलमानांच्या शेजाराचं गाव आहे. साहेबमामांचं नाव नामावलीत मोठ्या अक्षरांत आलेलं इथल्या पोरांनी वाचावं, असं मला फार वाटतं. व्याख्यान नको. नुसतं वाचावं.

आणि तुकोबांची बायको जिजाई. गौरी नावाच्या बाईंनी ते काम केलंय. प्रभातमध्ये अगदी खालच्या कामापासून चढत आलेल्या ह्या बाई. तिची देवी मंगळाई वेगळी, तुकोबांचा विठोबा वेगळा. घरात दाणा नाही आणि नवरा टाळ कुटतोय. पोर आजारी पडतं तेव्हा ती तडक देवळात जाते आणि हातात पायताण घेऊन देवालाच जाब विचारते. ह्या प्रसंगाला आमच्याकडच्या बायका हसतात, आणि मग हसता हसता गप्प होतात. तुकोबा बहुतेक गाण्यात राहतात, जिजाई गद्यात. संगीतपटात एका बाजूला भरभक्कम गद्य ठेवायची ही अक्कल नंतरच्या पुष्कळ संतपटांना आली नाही. त्यांतला संतही गातो, बायकोही गाते, गायही जवळजवळ गातेच.

१२ डिसेंबर १९३६ ला चित्र मुंबईत सेंट्रल सिनेमात लागलं ते ५७ आठवडे चाललं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या पहिल्या तीन चित्रांत त्याची निवड झाली. त्या वेळी आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, कळमनुरी परभणी जिल्ह्यात. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी टिकली होती ती घरात, जात्यावर आणि कीर्तनात. अशा मुलखात मराठी गाणं कागदानं फारसं फिरत नाही. ते कानानं फिरतं, आणि कानावरून आलेल्या गाण्याला नामावली नसते. आठवल्यांचं नाव इकडं पोचलं नाही ह्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता बुवांच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो वाटतो तितका सरळ नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यातच नर्सी आहे, नामदेवांचं गाव. ज्यांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत ते नामदेव. नामदेवांनी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा केली आणि ती पुरी झाली नाही, अशी परंपरा सांगते. पुढं तीनशे वर्षांनी ते पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि उरलेले अभंग तू कर, म्हणाले. तुकोबांनी हे स्वतःच अभंगात सांगितलंय. म्हणजे तुकोबांची कविताच मुळी दुसऱ्याचं राहिलेलं काम म्हणून सुरू झाली. आणि नामदेवांच्या गाथेत काय आहे? त्यात विष्णुदास नामा नावाच्या नंतरच्या कवीची रचना मिसळली आहे, आणखीही कुणाकुणाची असेल. संशोधक अजून वेगळी करत बसले आहेत. ‘नामा म्हणे’ लिहून त्या लोकांनी आपलं नाव मागं ठेवलं. सालोमालो नेमकं उलट करत होता : दुसऱ्याची मुद्रा काढून आपली घालत होता.

आठवले ह्या दोघांच्या मध्ये कुठंतरी बसतात. त्यांनी ‘तुका म्हणे’ घातलं असतं तर ती तुकोबांच्या नावावर खपवाखपवी झाली असती. स्वतःची मुद्रा तर चित्रात शक्यच नव्हती. त्यांनी जागा मोकळी सोडली. मला हा मोठा प्रामाणिकपणा वाटतो, आणि कसबाचं टोकही. पुढं लोकांनी ती मोकळी जागा आपल्या मनानं भरली. शतकोटीतला एक अभंग आठवल्यांच्या वाट्याला आला होता, असं मी बुवांना एकदा म्हणून पाहिलं. बुवा म्हणाले, “मग तसं सांगून म्हणा. लपवू नका.” मला हे पटलं, आणि ह्या पत्राचं खरं कारण तेच आहे.

सांगून म्हणायचं तर सांगायला साधन पाहिजे. पूर्वी थिएटरबाहेर आण्या-दोन आण्याला गाण्यांची पुस्तिका मिळायची. तिच्यात गीतं कुणाची, संगीत कुणाचं, सगळं छापलेलं असे. आज गाणं मोबाईलवर येतं ते डोकं-शेपूट तोडून. वर मथळा ‘संत तुकारामांचा अभंग’, मागं झळाळतं चित्र, खाली हजारो नमस्कार. आठवले नाहीत, भोळे नाहीत, कधी कधी पागनीसही नाहीत. त्या पोराला तरी दोष कसा द्यायचा? त्यानं सबंध चित्र कधी पाहिलंच नाही. आमच्याकडे कुणीच ते मोठ्या पडद्यावर पाहिलेलं नाही, म्हाताऱ्यांपैकी काही सोडून. त्यांनी जत्रेत तंबूत पाहिलेलं, तेही निम्मं आठवतं.

तुम्ही जपता हे मला ठाऊक आहे. जपणं सोपं नाही हेही. जुनी नायट्रेटची फीत एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फितींना लागलेल्या आगीत ते सगळ्यांनी पाहिलं. आणि कागदांचं म्हणाल तर खुद्द ‘संत तुकाराम’ला व्हेनिसचं जे प्रशस्तिपत्र मिळालं, ते १९७४ साली तुमच्याच लॉ कॉलेज रस्त्यावर कचऱ्यात पडलेलं छायालेखक सनी जोसेफ ह्यांना सापडलं, आणि २००४ साली ते संग्रहालयात परत आलं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. जगातल्या पहिल्या तिनांत आल्याचा कागद कचऱ्यात जातो आणि आठवल्यांचं गाणं कळमनुरीच्या सप्ताहात पाठ असतं. ह्यातलं जास्त टिकाऊ कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा माझं म्हणणं असं. तुमच्याकडे फिती आहेत, भित्तिपत्रकं आहेत, पुस्तिका आहेत. पण एवढ्यानं ह्या चित्राचा वारसा पुरा होत नाही. गाणं पडद्यावरून खाली उतरल्यावर त्याचं काय झालं, त्याची नोंद फितीत सापडायची नाही. आखाडा बाळापूरकडे हे गाणं मी ऐकलंय ते भोळ्यांच्या चालीच्या जवळ जाणारं, पण दुपटीनं संथ. औंढ्याकडचे एक गवई मध्येच थांबून ज्ञानोबांचं प्रमाण घालतात आणि मग पुन्हा बीजावर येतात. आमचा पोरगा ध्रुपदाच्या शेवटी विठ्ठलाचा गजर जोडतो, मूळ गाण्यात तो नाही. मी स्वतः पेटीवर अंतऱ्याआधी जो तुकडा वाजवतो तो कुठून आला, मला सांगता यायचं नाही. माझ्या गुरुजींच्या बोटांतून आला एवढंच. हे सगळं भोळ्यांच्या चालीचं पुढचं आयुष्य आहे. ते अजून जिवंत माणसांकडे आहे, आणि त्यातली बरीच माणसं पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. तुम्ही नटांच्या, दिग्दर्शकांच्या मुलाखती जपता, तशा ऐकणाऱ्यांच्या आणि म्हणणाऱ्यांच्याही जपा. हे काम कळमनुरीपासून सुरू केलंत तर पुढं नर्सीला, औंढ्याला, पैठणला, देहूला न्या. तुमच्या सूचीत ‘संत तुकाराम’च्या नोंदीखाली ह्या गाण्याची कळमनुरीची चाल लागली, तर ती शोभेल.

दुसरी गोष्ट तुमच्या हातची, आणि जवळजवळ फुकटची. जुन्या पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत काढा, जिथं गीतकार आणि संगीतकार छापले आहेत, आणि मराठवाड्यातल्या, वऱ्हाडातल्या भजनी मंडळांना वाटा. पोथीत ठेवता येईल एवढ्या आकाराची. आमचं मंडळ ती पहिल्या दिवशी लावील.

खेळासाठी तुकाराम बीजेच्या आसपासची रात्र धरा. फाल्गुनात आमच्याकडे हळद शिजवणं-वाळवणं चालू असतं, दिवसा माणूस सापडायचा नाही. पण रात्री सगळे येतात, आणि बिजेला तर येतातच. आषाढात येऊ नका, निम्मं मंडळ पंढरीच्या वाटेवर असतं. जागा आम्ही बघतो. वीज रात्रीची जाते, म्हणून जनरेटर सांगून ठेवू. राहायची सोय गावात होईल, जेवण मंडळातर्फे. पिठलं-भाकरी चालत असेल तर आधी कळवा, नाहीतर आमच्या बाया पुरणाचा घाट घालतील. खेळाआधी अर्धा तास आमचं भजन ठेवू, म्हणजे तुमच्या माणसाला यंत्र लावून बघता येईल. बुवांनी येतो म्हणून सांगितलंय, एका अटीवर : नामावली चालू असताना कुणी बोलायचं नाही.

आपला,
कळमनुरीच्या भजनी मंडळातला एक पेटीवाला